मिसरच्या दारात आतोबा

माझ्या आतोबांइतकी वर्षं इजिप्तमध्ये काढलेला माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडणार नाही. त्यातला एक आठवडा सोडला तर बाकीची सगळी वर्षं त्यांनी तारकर्लीच्या पुढे, खाडीच्या काठावर, आपल्या घराच्या पायरीवर बसून काढली हे खरं. पण म्हणून ती कमी भरतात असं मला आता वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आतेचे यजमान. घरचा धंदा मासे खारवायचा. आजोबांनी खारवले, वडिलांनी खारवले, यांनीही मिशी पांढरी होईपर्यंत बांगडे खारवले. पण हात मिठात असताना माणसाचं मन कुठे असावं यावर कोणाची सक्ती आहे? यांचं असायचं मिसर देशात. इजिप्त हा शब्द त्यांना आवडत नाही. तो शाळेतला शब्द, म्हणतात. मिसर म्हटलं की कसं जवळचं वाटतं, खारेपाटणच्या थोडं पुढे असावं असं.

याचं मूळ एका चित्राच्या कार्डात आहे. त्यांचा एक चुलतभाऊ बोटीवर नोकरीला होता. सुवेझच्या वाटेने परत येताना त्याने ते आणलं. मागे पिरॅमिड, पुढे एक उंट आणि वर जन्मात पाऊस न पाहिलेलं आकाश. आतोबांनी ते चौकटीत घालून देवांच्या शेजारी टांगलं. पुढे आतेच्या हाताला अशी सवय लागली, की देवांना गंध लावता लावता ते उंटालाही लागू लागलं. आज त्या उंटाचं तोंड दिसत नाही, गंधाचा गोळा दिसतो. आते त्या बाबतीत काही बोलत नाही, आणि आतोबांच्या मते उंटाला ते मानवलेलं आहे.

मिसरबद्दल त्यांनी पुस्तकं वाचून काही मिळवलं असेल अशी कल्पना करून घेऊ नका. त्यांचं सगळं ज्ञान घरचं, चुलीवर शिजवलेलं. मेलेला राजा हजारो वर्षं टिकवायची विद्या त्या लोकांना आली कुठून? तर गलबतातून एखादा मालवणी माणूस तिकडे पोचला असणार आणि त्याने दाखवून दिलं असणार, की पोट चिरा, आतलं काढा, मीठ भरा, कोरडं करा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. एकदा माझ्या मोबाइलवर मी त्यांना एका ममीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला आणि मीठ वायच जास्त पडलंय, असा निकाल दिला. धंद्यातला माणूस, त्यामुळे त्यांच्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही. आते तेव्हा विळीवर बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी काय ह्यांच्या आदी मरणा नाय. हे माका खारवतले."

तारकर्लीत माझं पाहुण्यांना उतरवायचं लहानसं घर आहे, बोर्डावर होम स्टे असं लिहिलंय. संध्याकाळी आतोबा तिथे यायचे. पाहुणे बिचारे समुद्रात बुडी मारून, सुरमई खाऊन सुस्तावलेले असायचे आणि हे त्यांना उठवून खाडीवर न्यायचे. मी चिडायचे. पैसे देऊन आलेल्या माणसांना झोपू तरी द्या, म्हणायचे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी खाडी असतेच तशी. भरती आत शिरत असते, पाण्याला ना रंग असतो ना आवाज, पलीकडचे माड काळे होत जातात आणि एखादी होडी दिव्याशिवाय इतकी हळू जाते की ती जाते आहे की किनारा सरकतो आहे ते कळत नाही. आतोबा तिकडे बोट दाखवून सांगायचे, ही नाईल. राजा गेला की त्याला होडीत घालून असंच पलीकडे न्यायचे. होडीत कोणी बोलायचं नाही. मग पाहुणेही बोलायचे नाहीत. पुण्याची, कोल्हापूरची भली बडबडी माणसं त्या काळोखत चाललेल्या पाण्याकडे बघत नुसती उभी राहायची, आणि पुढच्या वर्षी खोली विचारायला फोन आला की आधी विचारायची, ते मिसरवाले काका आहेत ना?

मिसरला जायची तयारी तर त्यांनी अर्धं आयुष्य केली. भर दुपारी डोक्यावर पंचा टाकून किनाऱ्यावरच्या तापल्या वाळूतून अनवाणी चालायचे. वाळवंटाची सवय, म्हणे. मोसमात किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला एक उंट येतो. आतोबा त्याच्यावर बसायला गेले ते आधी त्याच्या पुढ्यात उभे राहिले आणि बसू का रे, असं त्यालाच विचारलं. उंटवाला चढा चढा म्हणत होता, पण मालकाने परवानगी दिली म्हणून काय झालं, पाठ उंटाची. उंटाने मान फिरवली. आतोबा परत घरी आले.

विचारल्याशिवाय कुठे शिरायचं नाही हा त्यांचा बाणाच आहे. आमच्याकडे कोणीही दुसऱ्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल ठेवताना "आसात काय घरात?" अशी हाक मारतोच, पण बाकीचे लोक हाक मारता मारता आत आलेले असतात. आतोबा ओ येईपर्यंत हलत नाहीत. एकदा ऐन आषाढात मी आत मिक्सर लावून बसले होते आणि हे बाहेर छत्रीत उभे. मिक्सर थांबला तेव्हा छत्रीखालून माझ्या नावाने हाक आली, कितवी कोण जाणे, पण शांत. दवाखान्यात तर डॉक्टरांनी आत बोलावलं तरी, आधीचा माणूस आता जरा उठतोय, म्हणून दारात थांबतात. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या घरालाही हाच नियम. आतेला हे पक्कं माहीत. नवराबायकोचं वाजलं की ती भांडत नाही, नुसती ओ देत नाही. आतोबा पायरीवर बसून राहतात, शेजारीपाजारी येता-जाता बघतात, आणि दिवेलागणीला आतून एकदाची ओ येते.

आमच्या वाडीत बंद घरं पुष्कळ. माणसं मुंबईला, दारांना कुलपं, खळ्यात पाचोळा. अशा घरावरून जातानाही आतोबा थांबतात, हाक मारतात, थोडं कान देऊन ऐकतात आणि पुढे जातात. त्या घरात कोणी नाही हे त्यांना माहीत नसतं असं नाही. पण कोणी नाही असं ते म्हणत नाहीत. झोपले असतील, म्हणतात.

त्यांचा सगळा जीव अडकला होता तो एका राजात. बाकीचे राजे लोकांनी उकरून काढले, काचेच्या पेट्यांत ठेवले. पण मोठ्या पिरॅमिडचा धनी आहे तो आतच आहे, यावर आतोबांची श्रद्धा. एवढं डोंगराएवढं घर माणूस कशाला बांधील, त्यात राहायचं नसेल तर? मी त्यांना एकदा व्हिडिओ लावून दाखवला. आत एक उघडीबोडकी खोली आहे, खोलीत दगडाची पेटी आहे आणि पेटीत काही नाही. ते हसले. हा व्हिडिओ काढणारा विचारून आत गेला होता काय, म्हणाले. आगंतुकासारखा कोणी घुसला तर घरधनी काय त्याला दर्शन देत बसेल? या म्हाताऱ्याशी वाद घालणं म्हणजे खाडीला बांध घालणं. पण मनात धास्ती बसली. हा माणूस खरंच तिथे गेला आणि ती रिकामी पेटी त्याने डोळ्यांनी बघितली तर काय होईल? परत येऊन पायरीवर बसून हा मग बघणार कुठे?

आणि नेमकं तेच व्हायला आलं. त्यांचा मुलगा दुबईला असतो, त्याने आईवडिलांची मिसरच्या सहलीची तिकिटं काढली. सहल मराठी माणसांची होती, तरी सोबत म्हणून मलाही जोडलं. परदेशी पर्यटकांशी बोलून बोलून माझं इंग्रजी चालण्यापुरतं झालंय. आतोबांनी तिकिटं बघितली आणि आधी देवळात कौल घ्यायचा, म्हणाले. देवीने नको म्हटलं तर तिकिटं गेली पाण्यात. आम्ही गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि आधी उजवी पडते की डावी ते बघत सगळे बसलो. मी मनातल्या मनात देवीला विनवत होते, बाई, तू तरी नाही म्हण. उजवी पाकळी पडली. देवीचा होकार झाला. आतोबांच्या डोळ्यांना धार लागली, आणि आते म्हणाली, चला, लोकरीचे कपडे घ्यायचे की नकोत ते आता कोणीतरी नीट सांगा.

आतेबद्दल इथेच सांगून टाकते. इतकी रोखठोक बाई मी दुसरी पाहिली नाही. घरच्या मालाचं गिऱ्हाईक दारात आलं तरी, आजचे बांगडे कडू झालेत, नेऊ नका, असं ती स्वतःच सांगायची. माझ्या लग्नात मी शालू नेसून पाया पडायला गेले, तर आशीर्वादाच्या आधी, ह्या रंगात तू काळी दिसतेस, हे सांगून मोकळी झाली. खोटं बोलणं तिला पाप वाटतं असं नाही. तिला ते सुचतच नाही.

तर आम्ही मिसरला पोचलो. मला वाटलं होतं आतोबा वेड्यासारखे करतील. ते तर सासुरवाडीला आल्यासारखे वागत होते, मान खाली, चेहरा प्रसन्न. नाईल बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी शिडाच्या होडीत बसवलं तेव्हा त्यांनी हात पाण्यात सोडला आणि तो तसाच ठेवला. पलीकडच्या काठावर खजुराची झाडं काळी होत होती. होडीतली मंडळी फोटो काढून दमली आणि हळूहळू गप्प झाली. मला क्षणभर खरोखरच कळेना मी कुठल्या पाण्यावर आहे. समोरून आपल्या वाडीचा दिवा दिसेल असं वाटत राहिलं. आते म्हणाली, ह्या पाण्याला मिठाचा वास नाही. बस्स, तेवढाच फरक. संग्रहालयात मात्र आतोबा आले नाहीत. घरातून उचलून आणलेल्या माणसांकडे काचेतून बघायला त्यांना लाज वाटत होती.

मोठ्या पिरॅमिडपाशी गेलो त्या सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पिशवीत आपल्या माडाचा नारळ होता. त्या दगडांच्या राशीचं टोक बघायला मलाही मान पार मागे टाकावी लागली, खोटं का सांगू. आतोबांनी चपला काढल्या, नारळ दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा मिसराच्या राखणदारा म्हाराजा, ही मालवणची लेकरा आज तुझ्या दारात इली आसत. तेंच्या हातसून काय चूकमाक झाली तर ती पोटात घी, आणि भुतूर येवची वाट दी रे म्हाराजा." आते आणि मी सवयीने "होय म्हाराजा" म्हटलं, आणि मागून सहलीतली पुण्याची मंडळीही म्हणाली. पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं मोर्चा आहे. मी त्याला माझ्या इंग्रजीत समजावलं, की हे घरमालकाला भेटायला आलेत. त्याने आमची तिकिटं परत एकदा तपासली.

मग आतोबांनी हाक मारली. "आसात काय घरात?" आणि थांबले. वारा होता, वाळू होती, लांबवर उंटवाल्यांची भांडणं होती. सहलीतले लोक रांगेने आत शिरले. आतोबा उभे. त्यांनी परत हाक मारली आणि परत कान देऊन ऐकलं. माझा पारा चढला. जन्मभर ज्याच्या नावाने वाळू तुडवलीत, देवीचा कौल घेतलात, समुद्र ओलांडून आलात, आणि आता दारात आल्यावर ओ येत नाही म्हणून आत जाणार नाही? तिकीट काढलंय, ती परवानगी नाही का? मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकीट सरकारान दिल्यान गो. घर तेचा आसा."

आणि मग ते आतेकडे वळले. तू जा, म्हणाले. आमच्याकडे पुरुष पुढच्या दाराने हाक मारून येतात, पण बायका शेजारच्या घरात मागल्या दाराने सरळ चुलीपर्यंत जातात, त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांचा कोणी राग धरत नाही. त्यात वाटाड्याने आम्हाला नुकतंच सांगितलं होतं, की लोक आत जातात ते मूळचं दार नव्हेच, ते नंतर कोणीतरी फोडलेलं भगदाड आहे. आतोबांना हे फार पटलं होतं. मागलंच दार ते, म्हणाले, बायकांनी खुशाल जावं. जाऊन बघ, राजा आहे ना तेवढं बघ, आणि मला येऊन सांग. आते पदर खोचून निघाली. मी तिच्या मागे.

आत कमरेत वाकून चढायचं होतं. हवा नव्हती, घामाने अंग निथळत होतं, आणि आतेच्या गुडघ्यांचा आवाज मला मागे ऐकू येत होता. वर पोचलो ती एक उघडी काळसर खोली. चित्र नाही, अक्षर नाही. एका बाजूला दगडाची पेटी, एक कोपरा फुटलेला. आतेने पेटीच्या काठावर हात ठेवून आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने आत हात घालून तळ चाचपला, घरात तांदळाच्या डब्याचा तळ चाचपावा तसा. ही आता खाली जाऊन सांगणार. हिला दुसरं काही येतच नाही. उतरताना मी एक-दोनदा तोंड उघडलं, पण काय सांगणार होते तिला?

बाहेरचा उजेड डोळ्यांवर आला. आतोबा तिथेच उभे होते, उन्हात, अनवाणी, नारळ हातात. त्यांनी आमच्याकडे बघितलं तेव्हा तो चेहरा मला बघवेना.

"आसा मा?" त्यांनी विचारलं.

आतेने पदराने तोंड पुसलं. "आसा," ती म्हणाली. "निजलो आसा. तुमी भुतूर इलात नाय ता बरा केलात."

आतोबांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर असं काही पसरलं की मी मान फिरवून घेतली. "मगे ओ कशी देतलो," ते म्हणाले, आणि आवाज न करता, कोणाला जाग येऊ नये अशा बेताने नारळ त्यांनी दगडापाशी ठेवला.

घरी परतल्यावर मे महिन्यात एकदा मी आतेबरोबर अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. आतोबा आसपास नव्हते. मी तिला विचारलं, की तू खोटं का बोललीस. ती सोलं पसरत राहिली. मग म्हणाली, "केवढा घर गो ता. आणि भुतूर कोण नाय. तो भायर उन्हात उभो, नारळ घेवन. मी तेका सांगू, घरात कोणच नाय म्हणान? माझ्या तोंडान?" एवढं बोलून तिने लाल झालेले हात पुसले आणि मला पाटीची दुसरी बाजू धरायला सांगितली.

आता संध्याकाळी खाडीवर बोट दाखवून सांगायचं काम आतोबांकडे राहिलेलं नाही. ते पायरीवर डोळे मिटून बसतात आणि आतेला विचारतात. पाहुणे आले तर तेही ऐकतात. राजाच्या उशाशी काय होतं? तांब्या, आते सांगते, पाण्याने भरलेला, वर फुलपात्र. दिवा? होता, लहानसा. जिला आयुष्यात खोटं सुचलं नाही ती बाई भाजी निवडता निवडता रोज त्या रिकाम्या खोलीत एकेक वस्तू नेऊन ठेवते. हल्ली तिथे पंखा आहे, आणि भिंतीला टेकवलेली काठी. परवा आतोबांनी विचारलं, तो उताणा होता की कुशीवर? तिने हातातली शेंग मोडली आणि म्हणाली, "कुशयेर. तुमच्यासारखो."

बाहेर पाणी चढत होतं. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "आते, पांघरूण होतं का गो?"

"होता तर," ती म्हणाली. "भुतूर थंडी असता."

मी त्या खोलीत घामाने निथळत उभी होते. मी मान हलवली आणि आतोबांना म्हटलं, होय, आतोबा, थंडी फार होती.